पहिल्या पाच मिनिटांत तीन व्होल्ट, मग एक: चुलीवरच्या पेल्टियरचं नेहमीचं दुखणं

तक्रार प्रत्येकाची सारखीच असते. चुलीच्या धगीवर वीज करायची म्हणून पेल्टियरचं चौकोनी मॉड्यूल (एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की वीज देणारी चपटी वडी) आणलं, खाली लोखंडी पट्टी, वर जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा, आणि सगळं चुलीवर ठेवलं. मल्टिमीटरचा आकडा सरसर चढतो. दोन, अडीच, तीन. घरातल्यांना हाक मारून दाखवेपर्यंत तो उतरायला लागलेला असतो आणि पाच-सात मिनिटांत एक-सव्वा व्होल्टवर येऊन बसतो. आणखी दोन लाकडं सारली की जरा हलतो, परत खाली. मग निष्कर्ष निघतो की मॉड्यूल डुप्लिकेट लागलं, आणि दुसरं मागवलं जातं. दुसरंही तेच करतं.

मी अशी तीन मागवली होती. तिन्ही चांगली होती.

आधी पेलाभर पाणी

काहीही उसकटण्याआधी एवढं करा. आकडा उतरून स्थिर झाला की मल्टिमीटर जोडलेलाच ठेवा आणि हीटसिंकच्या पात्यांवर ओलं फडकं टाका, किंवा पेलाभर गार पाणी हळूहळू सोडा. तारा आणि मॉड्यूलची कड भिजू देऊ नका. आकडा लगेच वर चढायला लागला तर मॉड्यूल जिवंत आहे, दुखणं गार बाजूचं आहे. बहुतेक वेळा तेच निघतं.

मला हे कळलं ते आईमुळे. आमची वाडी दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले आणि आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे गेले. त्यात लॉकडाऊन, त्यात पाऊस. सोलर दिवा होता, पण ढगाखाली तो काय करणार? बंद पडलेल्या वॉटर डिस्पेन्सरमधून मी पेल्टियर काढला आणि चुलीपुढे बसलो. तीन व्होल्ट बघून हरखलो, पाच मिनिटांनी तोंड पाडून लाकडं सारायला लागलो. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "अरे, खालून जाळ घालतोयस, पण वरचा डबा बघ केवढा तापलाय. त्याला कोण निववणार?" आणि परातीतल्या पाण्याचा हात तिने हीटसिंकवर झटकला. चर्र झालं. आकडा १.१ वरून १.६ वर गेला आणि परत उतरला.

खालची बाजू किती तापली याला इथे एकटीला अर्थ नाही. दोन बाजूंत फरक किती, त्यावर वीज ठरते. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये जे पाहिलं ते एवढंच. पेल्टियरने १८३४ मध्ये त्याची उलटी बाजू दाखवली, वीज सोडली की एक टोक गार होतं. बाजारात मिळतं ते मॉड्यूल त्या उलट्या कामासाठी, म्हणजे गार करण्यासाठी बनवलेलं असतं. आपण त्याला पाठीमागून राबवतो.

मल्टिमीटर हाच थर्मामीटर

सगळ्यात सहज मिळतं ते टीईसी१-१२७०६. नावातले १२७ म्हणजे जोड्या आणि ०६ म्हणजे सहा अँपियर. प्रत्येक जोडीत बिस्मथ टेल्युराइडचे दोन ठोकळे, म्हणजे एकूण २५४. एका ठोकळ्यामागे अंशाला साधारण २०० मायक्रोव्होल्ट धरले तर सगळ्या मॉड्यूलचे अंशाला ०.०५ व्होल्ट होतात. याचा उपयोग उलटा करायचा: काहीही न जोडता मोजलेल्या व्होल्टला २० ने गुणा, दोन बाजूंतला फरक अंशात मिळतो. तीन व्होल्ट म्हणजे ६० अंश. १.१ व्होल्ट म्हणजे जेमतेम २२. वेगळा थर्मामीटर लागत नाही, आणि हा आकडा ठोकळ्यांच्या दोन टोकांमधला खरा फरक सांगतो.

आता तो ६० चा २२ का होतो? मॉड्यूलमधून अंशामागे सुमारे अर्धा वॉट उष्णता पलीकडे जाते. फरक ५० अंश असेल तर २५ ते ३० वॉट. त्यातून वीज मिळते ती पाऊण वॉटच्या आसपास. उरलेली सगळी उष्णता हीटसिंकच्या गळ्यात. कॉम्प्युटरचा अॅल्युमिनियमचा हीटसिंक ३०० ग्रॅमचा धरा. २८ वॉटला तो मिनिटाला सहा अंशांनी तापतो. पाच मिनिटांत तीस अंश. तुमचा आकडा नेमका त्याच पाच मिनिटांत उतरतो, हा योगायोग नाही. सुरुवातीचे तीन व्होल्ट हे त्या गार धातूने उसने दिलेले असतात.

मूळ कॉम्प्युटरमध्ये त्याच हीटसिंकवर पंखा होता आणि खोलीतली हवा होती. चुलीवर पंखा नाही, आणि भोवतालची हवाच पन्नास-साठ अंशांची. त्यात जाळाची धग बाजूने पात्यांवर येते. गार बाजू म्हणून आपण जे ठेवलंय ते गार राहायला जागाच नाही.

इथे प्रत्येकाला सुचणारी युक्ती म्हणजे पंखा लावायचा. बारा व्होल्टचा, ०.१५ अँपियरचा पंखा १.८ वॉट खातो. तुमची कमाई पाऊण वॉट. घरात पगार यायच्या आधी हप्ता वजा व्हावा तसं. पाच व्होल्टचा चिमुकला पंखा अर्धा वॉट घेतो. तो चालतो, पण मग फोनला काय उरणार? काही तयार स्टोव्हमध्ये पंखा असतो हे खरं, पण तिथला पंखा मुख्यतः जाळाला हवा देण्यासाठी असतो आणि मॉड्यूलही जास्त तापमान सोसणारं असतं.

सोव्हिएत रशियात १९५० च्या दशकात रॉकेलच्या कंदिलावर रेडिओ चालवायचे. त्याची चित्रं बघा. काचेच्या वर गोलाकार लावलेली लांबच लांब धातूची पाती दिसतात, कंदील त्यापुढे पिटुकला. उष्णता देणारी ज्योत वातीएवढी आणि ती टाकून देणारं अंग फूटभर. ते बनवणाऱ्यांना दुखणं कुठे आहे ते पक्कं माहीत होतं.

हीटसिंक काढा, तपेलं ठेवा

आपल्या घरात यापेक्षा सोपा उपाय आहे, पाणी. एक लिटर पाण्याला २८ वॉटने एक अंश तापायला अडीच मिनिटं लागतात. पाच लिटरला बारा मिनिटांहून जास्त. म्हणजे पाच लिटरच्या तपेल्यात तासाभरात पाणी पाचच अंशांनी वर जाईल. प्रत्यक्षात तपेल्याला बाजूने धग लागते, त्यामुळे पाणी त्याहून लवकर तापतं. आमच्याकडे आई ते कोमट-कढत झालं की न्हाणीतल्या बादलीत ओतते आणि नवं भरते. साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढाच नियम. वीज म्हणून न मिळालेली सत्त्याण्णव टक्के उष्णता आंघोळीला मिळते, त्यामुळे लाकडं फुकट जाळल्याचं बोलणंही खावं लागत नाही.

पण तपेलं नुसतं मॉड्यूलवर टेकवून भागत नाही, आणि इथे बहुतेकांचं फसतं. तपेल्याचा बूड सपाट दिसतो, असत नाही. स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधे किंवा कडेने फट दिसेल. त्या फटीतली हवा म्हणजे चक्क गोधडी. मी मॉड्यूल आणि तपेल्याच्या मधे ठेवायला अॅल्युमिनियमची ८ मिलिमीटरची पट्टी घेतली, खिडकीच्या जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि त्यावर पट्टी गोल गोल घासली. आधी १२० नंबर, मग ४००. वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत तासभर घासायचं काम आहे, घाई केली तर कडा झिजतात आणि मध्य तसाच राहतो. तपेल्याचा बूडही तसाच घासला. नुसत्या या घासण्याने माझे ०.४ व्होल्ट वाढले, म्हणजे आठ अंश.

मॉड्यूल आणि धातूच्या मधे लावायची थर्मल पेस्ट पातळ हवी. कागदाइतका थर, लोणी लावल्यासारखा नको. पेस्टचं काम धातूतल्या बारीक खड्ड्यांतली हवा हटवण्याचं, तिची गादी झाली तर ती स्वतःच अडसर होते. टूथपेस्टने चालतं असं सांगणारे भेटतात. ती एका संध्याकाळपुरती चालते, सुकली की खडू होते. गरम बाजूला साधी पांढरी पेस्टही काही दिवसांत भाजून कोरडी पडते. तिथे ग्रॅफाइटचा पातळ पत्रा मिळाला तर उत्तम.

बोल्टांकडेही बघा. खालच्या लोखंडी पट्टीला आणि वरच्या अॅल्युमिनियमला आवळणारे जाड बोल्ट मॉड्यूलला वळसा घालून उष्णता थेट वर नेतात. बारीक स्टेनलेसचे बोल्ट वापरा, डोक्याखाली अभ्रकाचे किंवा फायबरचे वॉशर आणि स्प्रिंग घाला. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका, दोन्ही अर्धा-अर्धा आटा आलटून पालटून. एकाच कडेवर ताण आला की आतले ठोकळे तडकतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मॉड्यूलच्या भोवतीची मोकळी जागा ग्लासवूलने भरा, नाहीतर खालची पट्टी वरच्या पट्टीला थेट शेक देत राहते.

पाणी टाकूनही आकडा हलला नाही तर

मग मॉड्यूलवर संशय घ्यायला हरकत नाही. टीईसी मॉड्यूलमधले ठोकळे ज्या सोल्डरने जोडलेले असतात ते बहुधा बिस्मथ-टिनचं असतं आणि १३८ अंशांना वितळतं. चुलीचा थेट जाळ याच्या कित्येक पट. एकदा का पट्टी लाल व्हायच्या जवळ गेली की आतले सांधे सरकतात, रेझिस्टन्स वाढतो, आणि पुढे कितीही थंड करा, जुना जोर येत नाही.

जाळावर न ठेवता चुलीला जोडलेल्या वैलावर ठेवा. तिथे मागून येणारी धग असते, ज्वाळा नाही. पट्टी जाड हवी, आठ-दहा मिलिमीटर, म्हणजे एका जागी चटका बसत नाही. तापमान बघायची गावठी कसोटी: साधी ६३-३७ ची सोल्डर वायर पट्टीला टेकवा. ती १८३ अंशांना वितळते. वितळली तर तुमचं मॉड्यूल आधीच संपलंय. न वितळली तर सुरक्षित आहे असं मात्र नाही, कारण १३८ आणि १८३ मधे बरीच जागा आहे. म्हणून मी मॉड्यूलला चिकटून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ठेवतो आणि १२० च्या पुढे गेलं की एक लाकूड मागे ओढतो. वीजनिर्मितीसाठीच बनवलेली मॉड्यूल गरम बाजूला २५०-३०० अंश सोसतात, पण ती कैक पट महाग. पहिल्या प्रयोगाला घेऊ नका.

मेलेलं ओळखायचं कसं? मल्टिमीटर ओहमवर लावून सरळ मोजलंत तर फसाल. हातात धरलं तरी बोटाच्या उबेने मॉड्यूल मिलिव्होल्ट देतं आणि मीटर काहीही दाखवतो, कधी ऋण ओहमसुद्धा. अर्धा तास टेबलावर पडू द्या, हात न लावता मोजा, मग तारा उलट्या करून मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. १२७०६ ला साधारण दोन ओहम यायला हवेत. साडेतीन-चार आले तर भाजलेलं, काहीच आलं नाही तर तडकलेलं. मॉड्यूलला हलणारा भाग नाही, झिजायला काही नाही. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांची वीज याच तत्त्वावर आहे. ते मरतं ते आपल्या हातून.

व्होल्ट आहेत, पण फोन चार्ज होत नाही

हे वेगळं दुखणं आणि त्यावर जास्त भांडणं होतात. विकणारे व्होल्ट आणि अँपियर असे दोन आकडे देतात. व्होल्ट काहीही न जोडता मोजलेले असतात, अँपियर दोन्ही तारा एकमेकींना टेकवून. दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. गुणाकार करा आणि चारने भागा, तेवढेच वॉट तुमचे. ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिअँपियर असं लिहिलेलं दिसलं की सव्वातीन वॉट धरू नका, जेमतेम ०.८ आहे.

माझं मॉड्यूल ५० अंशांच्या फरकाला मोकळं असताना अडीच व्होल्ट देतं. भार जोडला की ते सव्वा व्होल्टवर आलं पाहिजे, तिथे त्याची ताकद सगळ्यात जास्त असते, पाऊण वॉट. आपण लावतो तो स्वस्त यूएसबी बूस्ट बोर्ड (कमी व्होल्ट चढवून फोनला लागणारे पाच करणारा) मात्र हावरट. त्याला जेवढं मागितलं तेवढं तो ओढायला जातो, मॉड्यूलचा व्होल्टेज अर्ध्याच्या खाली ढासळतो, ०.९ च्या खाली गेला की बोर्ड बंद पडतो, व्होल्टेज परत चढतो, बोर्ड परत सुरू. फोनवर चार्जिंगचं चिन्ह लागतं-विझतं ते यामुळे. दोष चुलीचा नसतो.

उपाय दोन. एक, दोन मॉड्यूल सिरीजमध्ये, एकाच पट्टीवर शेजारी शेजारी, म्हणजे दोघांना सारखा फरक मिळेल. एक गार आणि एक कोमट असेल तर कोमट असलेलं दुसऱ्याच्या वाटेत नुसता रेझिस्टन्स बनून बसतं. दोन, फोनचा नाद सोडून आधी एक १८६५० हा रीचार्ज होणारा लिथियमचा सेल भरा आणि त्याची भूक कमी करा. टीपी४०५६ चा चार्जर बोर्ड येतो तो एक अँपियर मागतो, कारण त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो काढून १० किलोओहमचा लावा, मागणी १३० मिलिअँपियरवर येते. एवढं दोन मॉड्यूल रेंगाळत का होईना, न थकता देतात. बोर्डावरचा तो रेझिस्टर तांदळाच्या कणीएवढा असतो, चष्मा लावून बसा.

स्मार्टफोनच्या बॅटरीत पंधरा वॉट-तास मावतात. अर्ध्या वॉटने तीस तास चूल पेटती ठेवायची तयारी असेल तर बघा. आम्ही त्या तीन आठवड्यांत बटणांचा फोन, एक रेडिओ आणि रात्रीचा एलईडी एवढंच चालवलं, आणि ते पुरलं. उन्हाळ्यात हा खटाटोप करायचं काही कारण नाही, दहा वॉटचं सोलर पॅनल कौलांवर टाका आणि झोपा. चुलीचं खरं काम आषाढातलं.

रात्री मरणारा बोर्ड

शेवटचं दुखणं मला सगळ्यात उशिरा कळलं. रात्री सगळं चालत असताना झोपलो, सकाळी बूस्ट बोर्ड मेलेला. नवा लावला, चार दिवसांनी तोही. आधी वाटलं सुरुवातीला व्होल्टेज जास्त चढतो म्हणून. दोन मॉड्यूल सिरीजमध्ये असली की पहिल्या मिनिटांत सहा व्होल्ट होतात आणि बोर्डाला पाचच्या वर सोसत नाही, हे खरंच आहे. त्यासाठी ५.१ व्होल्टचा, पाच वॉटचा झेनर डायोड दोन्ही तारांच्या मधे आडवा लावला, तो त्याच्या वरचा व्होल्टेज चढू देत नाही. तरी तिसऱ्यांदा तेच.

मग एका रात्री जागून मीटर बघत बसलो. आईने निजायच्या आधी रोजच्यासारखे निखारे बाहेर ओढले, त्यावर पाणी मारलं, वैलातली राखही मोकळी केली. आकडा उतरत शून्यावर आला आणि थांबला नाही. उणे ०.१, उणे ०.३, पाऊण तासात उणे ०.८. खालची पट्टी निवली होती आणि वर तपेल्यात पाणी अजून कढत होतं. गरम बाजू गार झाली, गार बाजू गरम, मॉड्यूलने प्रामाणिकपणे उलटी वीज दिली आणि बोर्डात घातली. झेनर उलट्या दिशेला पाऊण व्होल्टपर्यंत गप्प बसतो, तेवढ्यात बोर्डाचा जीव जातो.

बोर्डाच्या तोंडाशी आता १एन५८१९ हा शॉटकी डायोड आडवा लावलाय, त्याच्यावरच्या रेघेची बाजू धन तारेला. पाऊण व्होल्टची वाट न बघता तो ०.३ च्या आसपासच वाट मोकळी करतो. दिवसा तो काही करत नाही, रात्री उलटा प्रवाह आपल्या अंगावर घेतो. सिरीजमध्ये लावला असता तर ०.३ व्होल्ट रोज खाल्ले असते, आणि इथे तेवढे देणं परवडत नाही. शिवाय निजताना तपेलं उतरवून ठेवायचं, असं आईला सांगितलंय. ती म्हणते, ते ती आधीपासूनच करायची, मीच मधे चढवून ठेवत होतो.